मे महिन्यात पाहिलेली जागा

माझे सासरे सांगायचे, वावर घ्यायचं असेल तर मे महिन्यात पाहायला जावं, आणि तेही भर दुपारी. पावसाळ्यात सगळ्याच जमिनी हिरव्या असतात, दिवाळीला सगळ्याच विहिरी भरलेल्या. विहिरीचं खरं पाणी कळतं ते मेमध्ये. नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या पुढं, मोहप्याच्या रस्त्याला असलेला आमचा दीड एकराचा तुकडा त्यांनी असाच, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, दुपारी एक वाजता पाहिला होता. विहिरीत दीड परस, म्हणजे दीड माणूस उंच, पाणी होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी इसार दिला.

बाबा गेल्यावर जागा सहा-सात वर्षं तशीच पडून होती. संत्र्याची बावीस झाडं, एक जुना कडुनिंब, अर्धा पडलेला कोठा आणि दोन खोल्यांचं घर. झाडं जगली ती शेजारच्या वावरातल्या काकांमुळं. आपलं ओलीत झालं की ते आमच्या झाडांनाही पाणी सोडायचे, कुणी सांगितलेलं नसताना. मग 2021च्या दसऱ्यानंतर सासूबाई म्हणाल्या, "मी तिथं राहायला जाते. तुमचं तुम्ही पाहा." त्यांना एकटं कसं सोडणार? मी हिशेबाची नोकरी सोडली आणि त्यांच्यासोबत गेले. नवरा आणि लेक आठवडाभर नागपुरातल्या, त्रिमूर्तीनगरच्या घरी असत आणि शनिवारी संध्याकाळी इकडं येत. आजही असंच चाललं आहे.

बाबांचा नियम घरात सगळ्यांना तोंडपाठ होता. तरी आम्ही सुरुवात केली ऑक्टोबरमध्ये. नागपूरकडची थंडी भाजीपाल्याला इतकी मानवते की त्या चार महिन्यांत माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं. मेथी आली, पालक आला, मुळे आले. सांबार, म्हणजे कोथिंबीर, तर असा माजला की त्याच्या वड्या आम्ही केल्याच, शिवाय जुड्या बांधून नातेवाइकांकडं पोचवल्या. जानेवारीत कोंबडीची चाळीस पिल्लं आणली, झपाट्यानं वाढणाऱ्या सुधारित जातीची. पिल्लं विकणाऱ्यानंच शेडचा नकाशा काढून दिला. वर टिन, बाजूला जाळी, खाली कोबा. सोपं, स्वच्छ, आठ दिवसांत उभं. सातव्या दिवशी मानमोडी रोगावरच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात घालायचा, आठव्या आठवड्यात मानमोडीची दुसरी लस द्यायची, हे सगळं मी वहीत लिहून वेळच्या वेळी केलं. लस बर्फातून आणली. एकही पिल्लू रोगानं गेलं नाही.

मेचा तिसरा आठवडा होता. पारा पंचेचाळीसच्या आसपास. सकाळी कोंबड्या नेहमीसारख्या दाणे टिपत होत्या. अकराच्या सुमाराला त्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून फाकवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, ऊन आहे, करत असतील असं. प्लॅस्टिकच्या भांड्यातल्या पाण्यात तेव्हा नुसतं बोट बुडवलं असतं तरी कळलं असतं. ते पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं तापलं होतं आणि कोंबड्यांनी ते प्यायचं सोडलं होतं. मी बोट बुडवलं नाही. एक वाजता लाइन गेली, पंखा बंद झाला. अडीचला मी शेडमध्ये गेले तेव्हा तीन कोंबड्या कोपऱ्यात मान टाकून पडल्या होत्या.

त्यानंतरचे तीन तास मला क्रमानं आठवत नाहीत. सासूबाई लुगड्याचा पदर भिजवून एकेक कोंबडी त्यात गुंडाळून घरात नेत होत्या आणि माठापाशी ठेवत होत्या. मी टिनावर बादल्या फेकत होते आणि प्रत्येक बादलीची वाफ होऊन पुन्हा तोंडावर येत होती. एक कोंबडी माझ्या हातात गेली. तिचा तुरा जांभळा पडला होता, पायाची बोटं माझ्या मनगटाभोवती घट्ट मिटली आणि मग सैल झाली. मेल्यावरही कितीतरी वेळ तिचं अंग तापलेलंच होतं. दिवस मावळेपर्यंत सतरा गेल्या.

काका पहार घेऊन आले. फावड्यानं खड्डा होईना, जमीन दगडासारखी झाली होती. त्यांनी खणलं, आम्ही चुना टाकला, पुरलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग शेडकडं पाहत म्हणाले, "सूनबाई, टिनाखाली दुपारी मानूस तरी बसते का? मंग कोंबडी कशी बसन? माह्यावाल्या पाहा, निंबाखाली गड्डे करून बसल्या हायेत."

मी पाहायला गेले. त्यांच्या गावरान कोंबड्या निंबाच्या बुडाशी माती उकरून, पोट थंड मातीला टेकवून निवांत बसल्या होत्या. एकही गेली नव्हती. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. त्यांना फक्त सावली आणि माती मिळाली होती, आणि मी माझ्या कोंबड्यांपासून नेमक्या याच दोन गोष्टी काढून घेतल्या होत्या.

पुढं विचारून, वाचून समजलं ते असं. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून आणि तुऱ्यातून, गळ्याखालच्या लोंबत्या गलोलीतून अंगातली उष्णता बाहेर टाकते. पोटात दाणा असला की तो पचताना आणखी उष्णता तयार होते, म्हणून उन्हाळ्यात दाणा पहाटे आणि सांजेलाच द्यायचा, मधे उपाशी ठेवलेलं बरं. वजनदार जातीची कोंबडी आधी जाते, हलक्या अंगाची, उंच पायांची गावरान तग धरते. शेडची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत घुसत नाही. आमचं शेड उत्तर-दक्षिण होतं, रस्त्यावरून नीट दिसावं म्हणून.

ते आम्ही मोडलं. दिवाळीनंतर निंबाच्या पश्चिमेला नवं बांधलं, पऱ्हाट्यांच्या कुडाचं. वर तुराट्या, त्यावर पळसाची पानं, खाली कोबा नाही, माती. पाणी फुटक्या माठांच्या खापरांत. उन्हाळ्यात सकाळी पाण्यात थोडा गूळ आणि चिमूट मीठ. वाचलेल्या तेवीस कोंबड्यांपैकी बऱ्याच हळूहळू म्हाताऱ्या होऊन गेल्या. आता आहेत त्या काकांकडच्या खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवून काढलेल्या. एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली तेव्हा लेकानं शाळा बुडवली होती आणि आम्ही कुणी त्याला रागावलो नाही. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी देते. पण मे पार करते.

त्याच मेमध्ये संत्र्याच्या बाबतीत मी बरोबर उलटी चूक केली. नागपुरी संत्र्याला दोन बहार. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मृग बहार पहिल्या पावसावर. आपल्याला जो घ्यायचा त्याच्याआधी झाडाचं पाणी तोडायचं, त्याला ताण म्हणतात. मृगासाठी एप्रिल-मे झाडं कोरडी ठेवायची. भारी काळ्या जमिनीत हे दीड-दोन महिने चालतं. पानं मलूल होतात, पिवळसर पडतात, थोडी गळतात. झाड वाढ थांबवतं, अन्न साठवतं, आणि पाऊस पडला की एकदम फुलावर येतं. हे सगळं काकांनी मला समजावलं होतं. पण कोंबड्या गेल्यानंतरच्या त्या दिवसांत वळलेली पानं माझ्यानं पाहवेनात. मला कुठंच तहान दिसायला नको होती. घराजवळच्या आठ झाडांना मी चार-पाच संध्याकाळी, कुणाला न सांगता, पाणी दिलं.

जूनमध्ये पाऊस आला. जुलैत चौदा झाडं फुलांनी लदबदली, वावरभर वास. माझ्या आठ झाडांवर नुसती नवती. कोवळी, तकतकीत, सुंदर पानं. फूल एक नाही.

काकांना पाहताक्षणी कळलं असणार. त्यांनी एवढंच विचारलं, "जीव राहिला नाही न?" मी हो म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "होते तसं."

या दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या नसत्या तर मला काहीच उमगलं नसतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मी सगळ्यांना एकाच मायेनं वागवत होते. पण कोंबडीला तासाभराची तहान मारते आणि संत्र्याला महिन्याभराची तहान फुलवते. शेवग्याला काहीच लागत नाही, वांग्याला रोज लागतं. जिवापाड प्रेम करणं पुरत नाही, कुणाला किती ऊन सोसतं ते एकेकाचं वेगळं ठाऊक असावं लागतं. आणि ते पुस्तकातून अर्धंच येतं. उरलेलं त्याच्यासमोर दुपारी एक वाजता उभं राहून येतं.

बागेचं बाकीचं थोडक्यात सांगते. दोन झाडं डिंक्यानं गेली, बुंध्यातून डिंक ओघळायचा आणि साल कुजायची. काळ्या जमिनीत पाणी तुंबतं आणि ते खोडाला लागत राहिलं की हे होतं. आता खोडाभोवती दोन आळी करतो आणि पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात सोडतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी असं बोर्डो मलम खोडाला फासतो. मेलेल्या दोघांच्या जागी अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतून कलमं आणली. कलमाचा जोड मातीच्या वर ठेवून लावायचं, हे लेकानं फूटपट्टी घेऊन तपासलं.

गाय घ्यायची सासूबाईंची फार इच्छा. त्यांच्या माहेरी, आर्वीला, गवळाऊ बैलांची पांढरी जोडी होती. बंडीला जुंपली की घोड्यासारखी पळायची असं त्या सांगतात आणि सांगताना त्यांचे हात लगाम धरल्यासारखे पुढं येतात. 2022च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आम्ही गाय शोधायला लागलो आणि नेमकी लंपीची साथ आली. जनावरांचे बाजार बंद झाले. गावात एका घरी गाय गाठींनी भरलेली पाहिली, तिच्या डोळ्यांखालून पाणी वाहत होतं. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. पुढं गायीचं नाव त्यांनीच काढलं नाही. मग नोव्हेंबरात दोन बेरारी शेळ्या आणल्या, बाजारातून नाही, पलीकडच्या गावातल्या ओळखीच्या माणसाकडून.

मोठीचं नाव चांदी, का ते लेकालाच ठाऊक, कारण ती मुळीच पांढरी नाही. भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाची आहे, पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत काळसर रेघ, नाकाच्या दोन्ही बाजूंना फिकट पट्टे. या जातीची ही खूण. आली त्या आठवड्यात तिनं शेवग्याची सहाच्या सहा रोपं खाल्ली. कुंपण आधी, झाडं मागून, हा धडा तेव्हा मिळाला.

ती आणली तेव्हाच गाभण होती. शेळीचे पाच महिने भरतात. फेब्रुवारीतल्या एका रात्री साडेअकराला ती पाय आपटायला लागली, एकसारखी मागं वळून पाहायची. पहिलं पिल्लू सहज आलं. दुसरं आलं ते निपचित. ओल्या चिंधीसारखं. मी दिवा धरून नुसती उभी. सासूबाईंनी त्याला मागच्या पायांना धरून उलटं केलं, नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली आणि पोत्याच्या तुकड्यानं त्याच्या बरगड्या चोळायला सुरुवात केली. चोळता चोळता त्या त्याच्याशी बोलत होत्या, अगदी त्यांच्या माहेरच्या बोलीत, जी मी लग्नानंतर सतरा वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. "उठ न रे बाप्पा. पाय, तुही माय वाट पाह्यते. उठ न." पिल्लू शिंकलं. मग थरथरलं. चांदीनं जीभ लावली. नाळेला आयोडीन लावलं आणि अर्ध्या तासात दोघांना चीक पाजला, कारण रोगाशी लढायची ताकद पिल्लाला त्या पहिल्या चिकातूनच मिळते. रात्री दोनला चूल पेटवून सासूबाईंनी चहा केला. बहात्तर वर्षांच्या बाईला मी इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं.

त्या पिल्लांतला एक बोकड होता. दहा महिन्यांचा झाल्यावर आम्ही तो विकला. तो कशासाठी विकला जातो हे लेकाला ठाऊक होतं आणि आम्हीही ते लपवलं नाही. दोन शनिवार तो आला नाही. तिसऱ्या शनिवारी आला, सरळ कोठ्यात गेला, चांदीजवळ बसून राहिला. यावर माझ्याकडं आजही धड उत्तर नाही. दोन शेळ्यांना पुरेल इतकंच कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आणि पाला या दीड एकरात होतो, चारपाच झाल्या तर संत्र्याची साल सोलतील. हे मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. पटलं की नाही ते तो सांगत नाही.

मातीबद्दल मात्र मी तासन्‌तास बोलू शकते. आमची जमीन काळी कापसाची. ओली झाली की फुगते आणि चपलेला शेर-शेर चिकटते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. पहिल्या मेमध्ये भाजीच्या जागी भेगेत माझा पंजा मनगटापर्यंत जात होता. त्या भेगांतून खालची ओलसुद्धा उडून जाते. पहिल्या पावसात आम्ही सपाट वाफ्यांत भेंडी-गवार लावली आणि आठ दिवसांच्या झडीत मुळं सडली. मग गादीवाफे केले. आणि लेंड्या घालायला लागलो. शेळीच्या लेंड्या, कुटाराचा उष्टावळा, निंबाचा पाला, सगळं खड्ड्यात कुजवून. कोंबडीची विष्ठा उष्ण, ती ताजी घातली तेव्हा वांग्याची रोपं दोन दिवसांत करपली, म्हणून ती आता वर्षभर मुरवतो. मेमध्ये वाफे उघडे ठेवत नाही, वर सोयाबीनच्या कुटाराचा चांगला वीतभर थर देतो. वांग्या-मिरच्यांच्या मधे मातीचे माठ गळ्यापर्यंत पुरले आहेत. त्यात पाणी भरायचं, ते झिरपत राहतं.

गेल्या उन्हाळ्यात मी कुटार बाजूला सारून पाहिलं. भेग होती, पण तिच्यात दोन बोटंच गेली. माती खाली गार होती. आणि तिला वास होता, मेमध्ये, पावसाआधी. मी सासूबाईंना हाक मारून बोलावलं. त्यांनी मूठभर माती उचलली, दाबली, सोडली. ढेकूळ फुटलं. "आता ही जमीन झाली," असं म्हणून त्या पुन्हा सावलीत गेल्या.

पावसाळ्यात तर काही लावायचंही लागत नाही. धुऱ्यावर तरोटा येतो, कुंजरू येते, घोळ पसरतो, कुंपणावर काटवलाचा वेल चढतो. सासूबाई सकाळी टोपली घेऊन या रानभाज्या खुडायला निघतात. मी शहरात वाढले, माझ्या लेखी हे सगळं तण होतं. पोळ्याच्या दिवशी काका आपली जोडी आमच्या फाटकाशी आणतात. आमच्याकडं बैल नाही, तरी आदल्या दिवशी सासूबाई त्यांच्या गोठ्यात जाऊन बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि कानात आवतन देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

गेल्या डिसेंबरात शहरातलं एक जोडपं आलं. आमच्या उत्तरेचा एक एकर विकायला आहे. आमची मेथी, शेळ्या, पिवळी पडू लागलेली संत्री पाहून दोघं हरखून गेले. बाई म्हणाल्या, "आम्हीही लगेच सुरुवात करू, कोंबड्यांपासून." त्यांच्या मोबाइलमध्ये टिनाच्या शेडचा फोटो होता. मी त्यांना चहा दिला, सांबारवडी दिली आणि सांगितलं, इसार देऊ नका. मेमध्ये या. दुपारी.

मला वाटलं, येणार नाहीत. ते 19 मेला आले. एक वाजून गेला होता, निंबाखाली सगळ्या कोंबड्या आपापल्या खड्ड्यात बसल्या होत्या, लेक खापरांत पाणी ओतत होता. दोघांचे चेहरे लाल झाले होते. आधी त्या एकराच्या विहिरीवर गेलो. काकांनी दोराला दगड बांधून आत सोडला. दोर वर काढला तेव्हा खालची ओली खूण त्यांच्या कमरेच्या जरा वर आली. परसभरही नव्हतं. कुणी काही बोललं नाही. बाईंनी रिकाम्या वावराकडं पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही झाड नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, "इथं निंब लावला तर सावली किती वर्षांनी पडेल?"

काका बोटांवर मोजायला लागले.